मंगळवार-शुक्रवारच्या बाई

माझ्या पिशवीत श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो आणि त्यात चाळीस चिंचोके. नवं मूल समोर बसलं की मी डबा उघडते आणि म्हणते, ‘तुझं घर मांड बघू. एक चिंचोका म्हणजे एक माणूस.’ जी मुलं तोंड उघडत नाहीत तीही मांडायला लागतात. चौथीतल्या एका मुलीने चार चिंचोके जवळजवळ ठेवले, पाचवा जरा लांब ठेवला आणि टेबलावरचा माझा रुमाल उचलून त्याच्यावर घातला. मी विचारलं, हे कोण? ‘पप्पा. झोपलेत. रात्रपाळी आहे.’ मग त्या चारांतला एक उचलून तिने टेबलाच्या पार कडेला नेऊन ठेवला. ‘ही मी. आवाज करायचा नाही ना.’

मी चिपळूणला राहते आणि आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, लोट्याजवळच्या एका छोट्या खासगी शाळेत समुपदेशक म्हणून जाते. कागदोपत्री माझं पद ‘अर्धवेळ समुपदेशक’ असं आहे. मुलं मला ‘मंगळवार-शुक्रवारच्या बाई’ म्हणतात आणि मला तेच नाव जास्त अचूक वाटतं. शाळेचं नाव इथे लिहीत नाही, मुलांचे तपशीलही थोडे बदलले आहेत. आमच्याकडे कोणाचं पोर कोण हे दोन वाक्यांत ओळखू येतं.

लोटे खेड तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर. चिपळूण सोडून वाशिष्ठी ओलांडली, परशुराम घाट चढला की सपाटीवर लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत सुरू होते. कीटकनाशकं, रंग, औषधांना लागणारी रसायनं, अशांचे कारखाने. आजूबाजूची गावं पाळ्यांवर चालतात. बाप पहिल्या पाळीला असला तर मूल उठायच्या आत गेलेला. दुसऱ्या पाळीला असला तर मूल शाळेतून यायच्या आत गेलेला. रात्रपाळीला असला तर घरात असून झोपलेला. कोकणी मुसलमान घरांतले कितीतरी बाप आखातात आहेत आणि ते मुलांना फोनच्या पडद्यावर भेटतात. वाड्यांवरच्या मुलांचे बाप मुंबईत, ते येणार गणपतीला नाहीतर शिमग्याला. कंत्राटी कामगारांची मुलं उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली, आणि आजी-आजोबा तिकडेच राहिलेले. एकाच बाकावर दोन मुलं बसतात: एकाच्या घरची चूल कंपनीवर पेटते आणि दुसऱ्याचा आजा दाभोळ खाडीकडे बोट दाखवून सांगतो की या कंपन्यांच्या पाण्याने आमची मासळी गेली.

या मुलांना आपलं माणूस जवळ नसण्याची सवय आहे. त्यामुळे रोज का येत नाही, असं त्यांनी मला कधीच विचारलेलं नाही. ती विचारतात, ‘परत कधी येणार?’ आणि उत्तरात त्यांना वार हवा असतो. ‘बघू’, ‘लवकरच’ ही उत्तरं त्यांनी घरी पुष्कळ ऐकलेली असतात. हे मला समजायला वर्ष गेलं, आणि समजलं तेव्हापासून माझ्या कामाचा पहिला नियम तोच झाला. मंगळवार म्हणजे मंगळवार.

अर्धवेळ समुपदेशक ही शाळेने पैसे वाचवण्यासाठी काढलेली पळवाट आहे, असं पुष्कळांना वाटतं. पैशाचा भाग आहेच. विद्यार्थ्यांच्या फीवर चालणाऱ्या लहान शाळेला पूर्ण पगार झेपत नाही, मला मिळतं ते मानधन. पण कल्पना मात्र जुनी आणि विचारपूर्वक मांडलेली आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलं होतं की दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा. म्हणजे त्या हिशेबात मी सुखवस्तू आहे. मुंबईत तर त्याच्याही आधी, १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आणि १९५० मध्ये मुंबई सरकारने व्यवसाय मार्गदर्शनाची केंद्रं काढली. तेव्हा प्रश्न एकच होता, मुलाने पुढे काय शिकावं. मराठी शाळांत मनाची बाजू यायला वेळ लागला. पुण्यात १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू करणारे आप्पा पेंडसे मानसशास्त्राचे अभ्यासक होते. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी मनआरोग्यासाठी संस्था उभी केली आणि मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात लाजण्यासारखं काही नाही, हे मराठी मध्यमवर्गाला पटवत राहिले. आमच्या भागातल्या पालकांना मात्र या सगळ्यातली आठवते ती दहावीची कल चाचणी, २०१६ पासून काही वर्षं झाली ती. अजूनही काही पालक मला विचारतात, ‘बाई, ह्याचा कल सांगा की.’

कायदाही आता या पदापर्यंत आला आहे. सीबीएसईच्या २०१८ च्या नियमावलीत समुपदेशक सक्तीचा केला होता, आणि नववी ते बारावीत मिळून ३०० पेक्षा कमी विद्यार्थी असतील तर तो अर्धवेळ चालेल अशी सवलत होती. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, सगळ्याच शिक्षणसंस्थांना सूचना दिल्या: १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. निकाल वाचून मला बरं वाटलं. पण नेमणूक झाली की काम झालं, असं समजणारे संस्थाचालक मी पाहिले आहेत. त्यांना सांगावंसं वाटतं की आधी खोलीचं बघा.

मला खोली मिळाली ती खेळाच्या सामानाची. कॅरमबोर्ड, लेझीम, हवा गळणारे तीन फुटबॉल. दाराला काच आहे, त्यामुळे आतला आवाज बाहेर जात नाही पण आत कोण आहे ते दिसतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी असंच हवं. अडचण वेगळीच होती. शिपाईमावशी वर्गाच्या दारात उभ्या राहून पुकारायच्या, ‘अमुक-तमुक, काउन्सिलरबाईंनी बोलावलंय!’ की वर्गातली सगळी डोकी वळायची. त्या वळलेल्या डोक्यांसमोरून जो मुलगा चालत आला, तो माझ्याशी काय बोलणार? मोठ्या शहरातल्या मोठ्या शाळेत एखादं मूल गर्दीत लपून येऊ शकतं. दोनेकशे मुलांच्या शाळेत तसं होत नाही.

मग मी मुख्याध्यापिकांशी बोलून पद्धत बदलली. जूनमध्ये शाळा उघडली की हजेरीपटाच्या क्रमाने सगळीच मुलं माझ्याकडे येतात, दहा-दहा मिनिटं. पहिला नंबर काढणारी येते, तसा दोनदा नापास झालेलाही येतो. गणपतीच्या सुट्टीपर्यंत सगळे येऊन गेलेले असतात. त्यामुळे बाईंच्या खोलीत जाणं म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, हा शिक्का पुसट झाला. ज्याला परत यायचं असेल त्याने ग्रंथालयाच्या तासाला पुस्तक बदलायला जाताना माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवायची, नाव नको, फक्त इयत्ता आणि एक खूण. एकीची खूण मासा आहे, एकाची क्रिकेटची बॅट.

शिक्षक मुलाला माझ्याकडे पाठवतात तेव्हा बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: ‘याला जरा समजावून सांगा.’ पाचवीतल्या एका मुलाबद्दल हेच सांगितलं होतं. आळशी आहे, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, शेजाऱ्याच्या वहीत बघतो. मी त्याला काहीच समजावलं नाही. खिडकीतून दिसणाऱ्या पाटीवरचं वाचायला सांगितलं. त्याने पाटी कुठे आहे ते विचारलं. दोन आठवड्यांनी तो चष्मा लावून आला आणि आल्या आल्या मला म्हणाला, ‘बाई, झाडाला पानं सुटी सुटी असतात.’ मनाचा विचार करायच्या आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, ही शिस्त मला प्रशिक्षणात शिकवली होती. ती किती मोलाची आहे हे त्या वाक्याने कळलं.

सगळंच इतकं सोपं नसतं. दुसऱ्या एका मुलाच्या वाचनपुस्तकातलं चित्र मी पोस्टकार्डाने झाकलं, आणि घडाघडा वाचणारा तो एकदम थांबला. तो चित्रावरून अंदाजाने वाचत होता, तीन वर्षं. अध्ययन अक्षमता २०१६ च्या अपंगत्व कायद्यात आली आहे, तिच्या दाखल्यावर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. पण दाखला सरकारी रुग्णालयातून आणायचा, म्हणजे बापाने पाळी बुडवायची. कंत्राटी कामगाराची पाळी बुडली की त्या दिवसाची मजुरी गेली. त्यामुळे दाखल्याच्या अर्जाइतकाच वेळ मी बापाला कोणत्या वारी साप्ताहिक सुट्टी आहे हे शोधण्यात घालवते.

आता गुपिताबद्दल. पहिल्या भेटीतच मी प्रत्येक मुलाला सांगते की तू बोलशील ते या खोलीत राहील, तीन गोष्टी सोडून. तू स्वतःला इजा करणार असशील, तू दुसऱ्याला करणार असशील, किंवा कोणी तुला त्रास देत असेल, तर मी गप्प बसणार नाही. तिसऱ्या बाबतीत तर कायदाच मला गप्प बसू देत नाही, २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली लैंगिक अत्याचार कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे. हे आधी सांगितलं की मुलं बोलायची थांबतील, अशी मला भीती होती. तसं झालं नाही. कुठपर्यंत बोलायचं ते मुलं स्वतः ठरवतात, आणि पुढच्या खेपेला आणखी थोडं पुढे येतात.

या तिन्हींत न बसणारं बोलून टाकायची चूक मी एकदा केली आहे. तेव्हा मी दुसऱ्या एका शाळेत जात असे. सातवीतल्या मुलाने सांगितलं की आई माहेरी गेली आहे आणि तो चार दिवस बिस्किटांवर आहे. मी कळवळून वर्गशिक्षिकेला सांगितलं. त्या बाई मायाळू. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्यासाठी डबा आणला आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर त्याच्या बाकावर ठेवला. तो मुलगा पुन्हा माझ्याकडे आला नाही. मी खोलीच्या दारात उभी असले की तो दुसऱ्या जिन्याने जायचा. तेव्हापासून शिक्षकांना मी कारण सांगत नाही, काय करायचं ते सांगते. ‘त्याला पुढच्या बाकावर बसवा.’ ‘हिला महिनाभर मोठ्याने वाचायला उभं करू नका.’ शिक्षकखोलीत कोणी विचारलंच, ‘काय म्हणाला तो?’ तर मी चहा घेते आणि पावसाचा विषय काढते.

पाऊस हा आमच्याकडे साधा विषय नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं त्याला वर्षं झाली, तरी चिपळूणहून बसने येणारा एक मुलगा पावसाचा जोर वाढला की घरून निघताना आपली वह्या-पुस्तकं माळ्यावर चढवून येतो आणि शाळेत रिकाम्या दप्तराने बसतो. त्याच वर्षी २० मार्चला लोट्यातल्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार गेले. तेव्हापासून अवेळी भोंगा वाजला की काही मुलांचे हात थांबतात. तो सरावाचा भोंगा असला तरी. सरावाच्या दिवसाची माहिती शाळेला आधी मिळावी अशी खटपट आम्ही केली, आणि आता वर्गात फळ्यावर लिहून ठेवतो: आज अकरा वाजता भोंगा, सराव आहे.

माझ्या आवाक्याबाहेरचं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं लागतं. डेरवणला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पण ठाणं, येरवडा आणि रत्नागिरी ही नावं आपल्या बोलण्यात टोमणा म्हणून इतकी रुळली आहेत की ‘रत्नागिरीला दाखवून या’ म्हटलं की आई रडायलाच लागते. म्हणून आधी मी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर माझ्यासमोर लावून देते. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत, गावात कोणाला दिसत नाही. त्या फोननंतर गाडीत बसायची तयारी होते.

आणि माझ्या नसण्याचे दिवस? सोमवारी, बुधवारी, गुरुवारी, शनिवारी कोणाला काही झालं तर? हा प्रश्न मी अनेक रात्री घोळवला. त्याचं उत्तर माणसांत सापडलं, आणि ती माणसं शाळेत आधीपासून होतीच. वर्गाच्या दारात पुकारा करणाऱ्या त्याच मावशी, ज्यांच्याकडे पोटात दुखतंय म्हणून मुली जातात. कोण मूल आज खिडकीला डोकं टेकून आलं हे पाहणारे बसचे काका. मराठीच्या बाई, ज्यांच्या निबंधांच्या वह्यांत मुलं मला न सांगितलेलं लिहितात. या तिघांना मी वर्षाच्या सुरुवातीला दोन दुपारी बसवून घेतलं. उपाय करायचा नाही, उपदेश करायचा नाही, ‘चल, पाणी पी, माझ्याजवळ बस’ एवढंच करायचं, आणि जिवाची भीती वाटली तर लगेच मुख्याध्यापिका आणि मला फोन. मावशींनी त्या दिवशी मला विचारलं, ‘बाई, हे तर मी करतेच की. ह्याला पण शिक्षण लागतं?’ मी म्हटलं, तुम्ही करता म्हणूनच तुम्हाला बोलावलं.

माझे दोन दिवस मात्र मी चुकवत नाही. २०२२ च्या एप्रिलअखेरीस चौपदरीकरणासाठी परशुराम घाट रोज दुपारी बारा ते पाच बंद ठेवायला लागले. शाळेचे शेवटचे दिवस होते, नाही गेले असते तरी कोणी बोललं नसतं. मी सकाळी घाटाने वर जायची आणि परत येताना चिरणी-आंबडसचा लांबचा रस्ता धरायची. मासेवाल्या चिठ्ठीची मुलगी त्या दिवसांतल्या एका शुक्रवारी फक्त दारात आली, मी आहे हे पाहिलं आणि वर्गात गेली.

रुमाल घालणाऱ्या त्या चौथीतल्या मुलीचं घर अलीकडे जरा बदललं आहे. बापाच्या रात्रपाळीच्या आठवड्यात ती शाळा सुटल्यावर तासभर मावशींबरोबर थांबते आणि मग घरी जाते. मागच्या मंगळवारी तिने मांडणी केली तेव्हा तिचा चिंचोका कडेवरून मधे आला होता. ती गेल्यावर मी डब्यात भरताना मोजले, तर एकोणचाळीस होते. मी विचारलं नाही. शुक्रवारी ती आली, डबा स्वतःच उघडला आणि मुठीतला चिंचोका आत टाकला. हाताळून हाताळून तो गुळगुळीत झाला होता.