बाजू घेतलेला कॅमेरा

४ मे १९६३ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर तीन रकाने व्यापणारं एक छायाचित्र आलं. असोसिएटेड प्रेसच्या बिल हडसन यांनी ते आदल्या दिवशी अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात टिपलं होतं. काळा चष्मा लावलेल्या गोऱ्या पोलिसानं एका कृष्णवर्णीय शाळकरी मुलाचा स्वेटर मुठीत धरला आहे आणि पोलिसी कुत्रा मुलाच्या पोटावर झेप घेतो आहे. अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचं एकच चित्र आठवा म्हटलं, तर आजही अनेकांच्या डोळ्यांपुढे हेच येतं. निमूटपणे मार सोसणारा सत्याग्रही म्हणून जगानं त्या मुलाकडे पाहिलं. प्रत्यक्षात तो मोर्चात नव्हताच, बघ्यांपैकी होता. आणि छायाचित्र निरखून पाहिलं, तर कुत्र्याला थोपवायला त्यानं गुडघा वर घेतलेला स्पष्ट दिसतो. हडसन यांनी काही बनाव केला नव्हता; ते नोकरी करणारे, अनुभवी वृत्तछायाचित्रकार होते. तरीही तटस्थ समजल्या जाणाऱ्या त्या चित्रातून लाखो वाचकांनी जे वाचलं, ते चित्रात नव्हतं. चळवळीची बाजू उघडपणे घेऊन काढलेल्या छायाचित्रांवर 'हा प्रचार आहे' असा शिक्का मारण्याआधी हे उदाहरण ध्यानात ठेवायला हवं. कारण त्याच काळात, त्याच दक्षिणेत दुसऱ्या प्रकारचे कॅमेरेही फिरत होते. आणि चळवळ म्हणजे काय, हे कळायला त्यांचाच पुरावा अधिक उपयोगी पडतो, असं माझं मत आहे.

१९६० च्या एप्रिलमध्ये एला बेकर यांच्या पुढाकारानं 'स्टुडंट नॉन-व्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी' स्थापन झाली. सगळे तिला 'स्निक' म्हणत. दोन वर्षांनी शिकागो विद्यापीठात इतिहास शिकणारा विशीतला डॅनी लायन कॅमेरा घेऊन तिच्याकडे आला आणि संघटनेचा पहिला छायाचित्रकार झाला. संघटनेचे कार्यकारी सचिव जेम्स फोरमन यांनी त्याला सुरुवातीलाच दिलेलं काम पाहण्यासारखं आहे. जॉर्जियातल्या ऑल्बनी गावच्या न्यायालयाच्या इमारतीत गोऱ्यांसाठी थंड पाण्याचं मोठं यंत्र होतं आणि शेजारी कृष्णवर्णीयांसाठी लहानसं भांडं. त्याचा फोटो काढून आण. तिथे लाठीमार नाही, धावपळ नाही, एकही माणूस जखमी नाही. कुठल्याही वृत्तपत्राच्या संपादकानं यासाठी माणूस धाडला नसता, कारण यात बातमी नव्हती. हे रोजचंच होतं, आणि लढा नेमका त्या रोजच्याशीच होता. कशाचा पुरावा गोळा करायचा, हे इथे चळवळ ठरवत होती. इलिनॉयमधल्या केरो गावात, कृष्णवर्णीयांना मज्जाव असलेल्या पोहण्याच्या तलावाबाहेर गुडघे टेकून बसलेल्या जॉन लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लायननं काढलेला फोटो पुढे पोस्टर झाला आणि एका डॉलरला विकला गेला. म्हणजे त्या फोटोनं संघटनेच्या खर्चालाही हातभार लावला.

बाजू घेतल्यानं काय दिसू शकतं, याचा सर्वांत ठोस दाखला जॉर्जियातल्या लीझबर्गचा. १९६३ च्या उन्हाळ्यात अमेरिकस गावात निदर्शनं करणाऱ्या कृष्णवर्णीय मुलींना पोलिसांनी पकडलं. बहुतेकींचं वय बारा ते पंधरा. त्यांना लीझबर्गजवळच्या एका जुन्या कोठडीत नेऊन ठेवलं आणि त्या कुठे आहेत, हे पालकांनाही कळवलं नाही. कुठलाही आरोप न ठेवता त्यांना कित्येक आठवडे तिथेच डांबलं होतं. झोपायला सिमेंटची जमीन, एकच शौचालय आणि तेही तुंबलेलं. लायन मोटारीत मागच्या बाजूला लपून तिथवर पोहोचला आणि गजांपलीकडून त्यानं मुलींचे फोटो काढले. ते संघटनेच्या 'स्टुडंट व्हॉइस' या पत्रात आणि कृष्णवर्णीयांच्या 'जेट' साप्ताहिकात छापून आले. सप्टेंबरमध्ये मुली सुटल्या. त्या सुटकेत या फोटोंचा वाटा होता. बातमीदार तिथे पोहोचला नव्हता, कारण तिथे जायचं हे कळायलाच चळवळीचा माणूस असावं लागत होतं. छायाचित्रकार कुणाच्या बाजूचा, हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो. गज खरे होते, मुली खऱ्या होत्या.

मला स्वतःला लायनपेक्षाही मारिया वरेला यांचं काम जास्त बोलकं वाटतं, जरी त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही. अलाबामातल्या सेल्मा गावात प्रौढांना लिहा-वाचायला शिकवण्यासाठी त्या आल्या. शिकवायला घेतल्यावर ध्यानात आलं, की दक्षिणेतली कृष्णवर्णीय माणसं स्वतःचा कारभार स्वतः चालवताना दिसतील, अशी चित्रं कुठल्याच पुस्तकात नाहीत. म्हणून त्या कॅमेरा शिकल्या. मिसिसिपीच्या पनोला परगण्यातल्या शेतकऱ्यांनी भेंडी विकण्यासाठी सहकारी संस्था काढली, तेव्हा वरेलांनी त्यावर 'समथिंग ऑफ अवर ओन' ही सचित्र पुस्तिका केली. भेंडीची सहकारी संस्था! महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही; सहकार आणि राजकारण यांचं नातं आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पण अमेरिकेच्या नागरी हक्क चळवळीच्या प्रसिद्ध छायाचित्रांत तुम्हाला ही भेंडी सापडायची नाही. त्यांत कुत्रे आहेत, पाण्याचे फवारे आहेत, लाठ्या आहेत. मालाला दलालाऐवजी आपण भाव ठरवू, म्हणून एकत्र बसलेली माणसं नाहीत. डॉरिस डर्बी यांनीही मिसिसिपीत अशीच छायाचित्रं काढली: दवाखाने, सहकारी दुकानं, काम करणाऱ्या बाया. या कॅमेऱ्यांमागे दूरवरून आलेली माणसंही होती. दुसऱ्या महायुद्धात कॅनडानं जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांत कोंडलं होतं. तशा छावणीत बालपण गेलेला तामिओ वाकायामाही स्निकच्या डार्करूममध्ये येऊन दाखल झाला.

जाता जाता एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो, तोही सांगून टाकतो. अलाबामाच्या लाउंड्स परगण्यात सुमारे ८० टक्के वस्ती कृष्णवर्णीयांची, पण १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत त्यांच्यातला एकही नव्हता. स्निकच्या मदतीनं तिथल्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. ज्यांना वाचता येत नाही अशांनाही ओळखू यावं, म्हणून मतपत्रिकेवर चिन्ह लागे. समोरच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह कोंबडा होतं आणि त्याच्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. यांनी काळा बिबट्या निवडला. तोच बिबट्या १९६६ मध्ये ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षानं घेतला आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्यापर्यंत जे पोहोचलं, त्याचं मूळ निरक्षर मतदारासाठी काढलेल्या एका चित्रात आहे. चळवळी चित्रं का बनवतात, याचं हे साधं, कामापुरतं कारण आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला उघडच आहे: कार्यकर्ता फोटो काढणार असेल, तर आपल्या बाजूला गैरसोयीचं तो गाळणारच. हो, गाळतो. स्निकमध्ये मतभेद होते, भांडणं होती, आणि निधी गोळा करण्यासाठीच्या पोस्टरवर ती कुणी छापली नाहीत. पण गाळणं फक्त इथेच होतं का? कलेतिहासाचे अभ्यासक मार्टिन बर्गर यांनी 'सीइंग थ्रू रेस' या २०११ च्या पुस्तकात हा प्रश्न उलट बाजूनं विचारला. गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी हजारो फोटोंतून सातत्यानं असेच निवडले, ज्यांत गोरे सक्रिय आहेत आणि कृष्णवर्णीय नुसते सोसताहेत. अशा चित्रांनी उत्तरेतल्या उदारमतवादी वाचकाला दया आली, पण सत्तेत वाटा द्यायची भीती वाटली नाही. त्याआधी १९५५ मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलची हत्या झाली, तेव्हा त्याच्या आईनं शवपेटी उघडी ठेवायचा निर्णय घेतला आणि छिन्नविच्छिन्न चेहऱ्याचे फोटो काढू दिले. डेव्हिड जॅक्सन यांनी काढलेले ते फोटो 'जेट'नं छापले. गोऱ्यांच्या मुख्य वृत्तपत्रांनी छापले नाहीत. तेव्हा निवड दोन्हीकडे आहे. फरक इतकाच, की 'स्टुडंट व्हॉइस' हाती घेणाऱ्याला हे पत्र कुणाचं आहे हे ठाऊक असतं आणि तो त्या हिशेबानं वाचतो. तटस्थतेच्या नावाखाली झालेली निवड मात्र वाचकाला दिसतच नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. परिणाम कुणाच्या फोटोंचा झाला? 'लाइफ' साप्ताहिकाच्या १७ मे १९६३ च्या अंकात छायाचित्रकार चार्ल्स मूर यांची बर्मिंगहॅमची छायाचित्रं ११ पानांवर पसरली होती. हडसन यांचं छायाचित्र पाहून राष्ट्राध्यक्ष केनेडींनी आपल्याला शिसारी आल्याचं बोलून दाखवलं. पुढच्या वर्षी १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला. भेंडीच्या पुस्तिकेनं कायदा होत नाही. हे मान्य करायलाच हवं, आणि चळवळीचे नेतेही ते ओळखून होते. बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुलांना रस्त्यावर उतरवण्याच्या डावपेचात वर्तमानपत्रांच्या कॅमेऱ्यांचा हिशेब होताच. फ्लिप शुल्के या छायाचित्रकारानं पुढे सांगितलेली एक हकीकत आहे. १९६५ मध्ये सेल्मात पोलीस मुलांना ढकलत होते, तेव्हा कॅमेरा बाजूला ठेवून तो मदतीला धावला. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याला समजावलं, की मारामारीत आणखी एक माणूस पडण्यापेक्षा मार खाणाऱ्या मुलाचा फोटो जगापुढे येणं जास्त गरजेचं आहे. किंग निर्दय नव्हते. कॅमेऱ्यांनी पाठ फिरवली की काय होतं, ते जाणून होते. पण यातूनच माझा मुद्दा पुढे सरकतो. कायदा झाला, तरी लाउंड्सच्या मतदाराला नाव नोंदवायला जायचंच होतं, तेही धमक्या झेलत. तिथे 'लाइफ'चा माणूस थांबणार नव्हता. मोठ्या नियतकालिकांच्या फोटोंनी वॉशिंग्टन हललं. पण पनोलाच्या शेतकऱ्यासारखं आपणही करू शकतो, हे शेजारच्या परगण्याला वरेलांच्या पुस्तिकेतून दिसू शकत होतं. दोन्हींची कामं वेगळी आहेत. पहिल्याच्या मोजपट्टीनं दुसऱ्याला मोजून हलकं ठरवणं बरोबर नाही.

शिवाय मोठ्या प्रसारात फोटो हातचा निसटतो. मूर यांच्या याच छायाचित्रांवरून चित्रकार अँडी वॉरहॉलनं, मूर यांची परवानगी न घेता, चित्रं केली आणि त्यांना 'रेस रायट' असं नाव दिलं. पोलीस निःशस्त्र माणसांवर कुत्रे सोडताहेत, आणि नाव काय, तर वांशिक दंगल! मूर यांनी दावा लावला, तडजोड झाली. चित्रांचं नाव मात्र टिकून आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो: आतल्या माणसाचा कॅमेरा आतल्यांचाच घात करू शकतो. मेम्फिसचे अर्नेस्ट विदर्स हे चळवळीचे घरचे छायाचित्रकार. एमेट टिल खटल्यावर त्यांनी स्वतः पुस्तिका काढली होती. १९६८ मध्ये दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेल्यावर मेम्फिसचे सुमारे १,३०० कामगार संपावर गेले; 'आय ॲम अ मॅन' असे फलक घेऊन रांगेत उभ्या असलेल्या त्या कामगारांचा सुप्रसिद्ध फोटो विदर्स यांचाच. २००७ मध्ये ते वारले आणि २०१० मध्ये मेम्फिसच्या 'कमर्शियल अपील' या वृत्तपत्रानं उघड केलं, की विदर्स एफबीआयला माहिती आणि फोटो पुरवत होते. बैठकीत कुणाशेजारी कोण बसलं, हे सांगणारा फोटो पोलिसांच्या फायलीत गेला, की तो पुरावा उलटतो. या उदाहरणावरून कुणी म्हणेल, की म्हणूनच छायाचित्रकार बाहेरचा, तटस्थ बरा. मला निष्कर्ष वेगळा दिसतो. विदर्स यांचं पाप बाजू घेण्याचं नव्हतं; दुसरी बाजू लपवण्याचं होतं. मी या लेखात ज्याची भलामण करतो आहे, त्या उघड बांधिलकीच्या ते बरोबर विरुद्ध टोकाला आहेत. विश्वासाचं प्रमाण म्हणून नुसती जवळीक पुरत नाही, हे मात्र त्यांनी कायमचं शिकवलं. निगेटिव्ह कुणाच्या ताब्यात आहेत आणि त्या कुणाला दाखवल्या जातात, याचा जाब संघटनेला विचारता आला पाहिजे.

शेवटचा आक्षेप आजचा: आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, मग चळवळीला वेगळा छायाचित्रकार हवा कशाला? २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव घेतला, तो प्रसंग वाटेनं जाणाऱ्या एका किशोरवयीन मुलीनं फोनवर टिपला. तिला पुढे पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला, आणि तो रास्तच होता. हडसन यांच्या कामाचा हा थेट वारसा आहे: अत्याचाराचा क्षण, नाकारता न येणारा. पण ऑल्बनीच्या पाण्याच्या भांड्याचं, पनोलाच्या बैठकांचं काम फोन आपोआप करत नाही, कारण तिथे कुणीतरी आधी ठरवून जावं लागतं आणि पुन्हा पुन्हा जावं लागतं. उलट फोनमुळे विदर्स यांचा प्रश्न सगळ्यांचाच झाला. मोर्च्याचा प्रत्येक फोटो चेहरे ओळखणाऱ्या संगणकप्रणालीचं खाद्य होऊ शकतो. जून २०२० मध्येच 'सिग्नल' या ॲपनं फोटोतले चेहरे पुसट करण्याची सोय दिली आणि निदर्शकांचे चेहरे दाखवावेत की नाही, यावर छायाचित्रकारांत जोरदार वाद झडला. लीझबर्गच्या मुलींना मात्र चेहरा दिसल्यानंच संरक्षण मिळालं होतं. ते चेहरे पुसट केले असते, तर त्या फोटोंचं बळ गेलं असतं. मेम्फिसमध्ये चेहरा दिसणंच धोक्याचं होतं. कुठल्या फोटोत काय करायचं, हे ॲप सांगू शकत नाही आणि रस्त्यावरून जाणारा अनोळखी माणूसही सांगू शकत नाही. मूळ फोटो जसाच्या तसा कुठे ठेवायचा, प्रसारासाठीची प्रत कुणी करायची, फोटोतल्या माणसाला कधी विचारायचं आणि किती वर्षांनी तो खुला करायचा, हे मोर्चा निघण्याआधी बसून ठरवावं लागतं. डॉरिस डर्बी यांच्या मिसिसिपीतल्या छायाचित्रांचं पुस्तक आलं ते २०२१ मध्ये, फोटो काढून पन्नासेक वर्षं उलटल्यावर.