सर्पगंधा, खाजकुहिली आणि न थांबणारे हात

कोरिया म्हणजे हातपाय आपोआप हलत राहण्याचा विकार. त्याच्या रुग्णाची तपासणी तो खुर्चीत बसल्यापासूनच सुरू होते. हात मांडीवर ठेवायला सांगितले तरी ते स्वस्थ राहत नाहीत. एक बोट उचलले जाते, मग मनगट वळते, खांदा उडतो, भुवई वर जाते. हालचाल एका अवयवातून दुसऱ्यात सरकते आणि पुढे कुठे उमटेल याचा नेम नसतो. बरेच रुग्ण निसटलेल्या हाताने केस सारखे करतात किंवा पदर सावरतात, त्यामुळे घरच्यांना तो आधी चाळा वाटतो. शंभरातून सात-सात वजा करायला लावले की मन गुंतते आणि हालचाली वाढतात. बाहेर काढलेली जीभ रुग्णाला धरून ठेवता येत नाही. डॉक्टरांची दोन बोटे मुठीत घट्ट धरली तर पकड आवळते, सैल होते, पुन्हा आवळते, गाय पिळताना होते तशी.

कंपवाताचा रुग्ण त्याच खुर्चीत बसला की उलटे चित्र दिसते. चेहऱ्यावरचे भाव आटलेले असतात, पापण्या कमी लवतात. अंगठ्यावर तर्जनी आपटत राहायला सांगितले तर प्रत्येक वेळी बोट थोडे कमी उघडते. मांडीवर विसावलेला हात सेकंदाला चार ते सहा वेळा थरथरतो. ढोबळपणे सांगायचे तर मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांवर डोपामाइन या रसायनाचा प्रभाव पहिल्या आजारात जास्त पडतो, दुसऱ्यात कमी. हे कळले त्यात दोन भारतीय वनस्पतींचा हात आहे, आणि दोन्हींच्या कहाणीत मुंबई येते.

पहिली सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या गुणाचा लेख लिहिला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. हे औषध घेणाऱ्या काहींना उदासी येई, काहींची हालचाल कंपवातासारखी मंदावे. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये सशांना रिसर्पिन देऊन निश्चल केले, मग डोपामाइन ज्यापासून बनते ते डोपा टोचले. ससे पुन्हा हिंडू लागले. या शोधमालिकेसाठी त्यांना 2000 मध्ये नोबेल मिळाले. त्या मानाने सर्पगंधेचे नाव फारसे कोणी घेत नाही.

चेतापेशीत डोपामाइन बारीक पिशव्यांत भरून ठेवलेले असते. रिसर्पिन ही भरणी दीर्घकाळ बंद पाडते, म्हणून त्याचा परिणाम कित्येक दिवस रेंगाळतो. टेट्राबेनाझिन नावाचे औषध हेच काम तात्पुरते करते. मेंदूतील पिशव्या भरणाऱ्या ‘व्हीमॅट-2’ या प्रथिनाला ते अडवते. औषध उतरले की भरणी पूर्ववत होते. अमेरिकेत 2008 मध्ये हंटिंग्टन आजारातील कोरियासाठी त्याला मान्यता मिळाली.

गोळी लिहिण्याआधी मात्र कारण शोधावे लागते. शाळकरी मुलाला कोरिया झाला तर आधी संधिवाती तापाचा संशय घ्यायचा. हृदयाच्या झडपा तपासायच्या आणि दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चालू ठेवायचे. हातपाय थांबले म्हणून ते बंद करणे धोक्याचे. मधुमेही वृद्धाच्या एकाच बाजूचे हातपाय अचानक उडू लागले तर रक्तातील साखर पाहायची. ती आटोक्यात आली की बहुतेकांचा कोरिया ओसरतो. चाळिशीच्या आसपास सुरुवात आणि घरात आई किंवा वडिलांनाही तोच त्रास, असे असेल तर हंटिंग्टनची जनुकीय चाचणी. सदोष जनुक 1993 मध्ये सापडले, तरी आजार थांबवणारे सिद्ध औषध अजून नाही. त्यातला कोरिया फक्त कमी करता येतो, तोही रुग्णाला त्याचा अडथळा होत असेल तरच करावा. घास तोंडात जातो, सही करता येते, तर गोळी कशाला? टेट्राबेनाझिन साडेबारा मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवतात. दर भेटीत झोप, मनःस्थिती आणि चाल विचारतात, कारण मात्रा पुढे गेली की उदासी आणि कंपवाताची लक्षणे येतात. मुंबईत माहुल-चेंबूरकडून पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाचा अर्धा दिवस जातो. तरी या भेटी चुकवण्यासारख्या नसतात.

दुसरी वनस्पती खाजकुहिली. पावसाळ्यात माजणारा हा वेल कोकणात कोणाला सांगावा लागत नाही. शेंगेची लव लागली की अंग खाजून बेजार होते. तिच्या बियांतून 1937 मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी लेव्होडोपा वेगळे केले. मेंदूत याचेच डोपामाइन होते. 1978 मध्ये अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवातावर या बियांचा प्रयोग ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त मांडला. पुढे मुंबईच्या झंडू कंपनीने बियांची प्रमाणित भुकटी तयार केली. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 60 रुग्णांना ती बारा आठवडे दिली होती. 2004 मध्ये लंडनच्या संशोधकांनी आठ रुग्णांवर तुलना केली. तीस ग्रॅम भुकटीचा गुण लेव्होडोपाच्या नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर, सुमारे अर्ध्या तासात आला. आठ रुग्णांवरून मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत, पण हा पुरावा दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण वाणागणिक आणि जागेगणिक बदलते. त्यामुळे बाजारातली मोकळी पूड गोळ्यांच्या जोडीला परस्पर घेणारा रुग्ण लेव्होडोपाची मात्रा नकळत दुप्पट करून बसू शकतो. अति लेव्होडोपाने कंपवाताच्या रुग्णाचेही हातपाय कोरियासारखे उडू लागतात. अशी पूड चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, आणि चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत.