कानपूर चामड्याचं शहर कसं बनलं?

१८५७ च्या उठावात नानासाहेब पेशव्यांनी कानपूर जिंकलं, पण काही आठवड्यांतच ते पुन्हा इंग्रजांच्या हाती गेलं. त्यानंतर इंग्रजांनी इथे लष्करासाठी खोगीर आणि घोड्यांचा साज बनवणारा सरकारी कारखाना काढला. छावणी होतीच, १८५९ मध्ये रेल्वेही आली होती आणि पाण्याला गंगा होती. पुढे खासगी बूट कारखाने आणि कापडगिरण्या उभ्या राहिल्या. ‘लाल इमली’ ही लोकरीची गिरणी १८७६ ची.

आज बहुतेक गिरण्या बंद आहेत, पण जाजमऊच्या टॅनरी सुरू आहेत. चामडं कमावताना क्रोमियम वापरतात आणि त्याचं सांडपाणी गंगेपर्यंत पोहोचतं. म्हणूनच २०१९ च्या कुंभमेळ्यासाठी टॅनरी बंद ठेवण्याचे आदेश निघाले. नदीला थोडा दिलासा मिळतो, पण तेवढे दिवस कामगारांची मजुरी बुडते.