स्वतंत्र चित्रपटाची ऑडिशन: विश्वास कशावर ठेवावा?

मोठ्या निर्मितीसंस्थेच्या पाठबळाशिवाय, बहुधा दिग्दर्शकाने आणि त्याच्या स्नेह्यांनी जमवलेल्या पैशांतून जो चित्रपट उभा राहतो, त्याला स्वतंत्र चित्रपट म्हणतात. परिचित नाव, थाटाचे कार्यालय, प्रसिद्ध कलावंत अशा ज्या खुणांवरून नट एरवी विश्वास ठेवतो, त्यांपैकी एकही खूण येथे असेलच असे नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याने मिळवला; परंतु हा दिग्दर्शकाचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट होता, निर्माते विवेक गोंबर यांनीच त्यात वकिलाची भूमिका केली होती, आणि आरोपी शाहिराच्या भूमिकेत नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार होते. केवळ नावे पाहून पारख करणाऱ्याने अशी संधी सहज दवडली असती.

उलट, फसवणूक करणारा थाटात मुळीच कमी पडत नाही. नामवंत कलाकारांची छायाचित्रे चिकटवलेले पोस्टर आणि एखाद्या प्रसिद्ध कास्टिंग दिग्दर्शकाच्या नावाशी मिळताजुळता ईमेल पत्ता तयार करायला फारसा खर्च येत नाही. मुंबईत वर्सोव्याच्या आराम नगरातील बैठ्या घरांमध्ये जेथे खऱ्या ऑडिशन चालतात, तेथे दारातच चेहरा पाहून ‘नॉट फिट’ म्हणून वाटेला लावले जाते. हा अनुभव अपमानास्पद वाटला तरी त्यात लबाडी नसते; लबाडीची शंका घ्यावी ती न भेटता, न पाहता ‘तुमची निवड झाली’ असे कळवणाऱ्याबद्दल.

कारण अशा निवडीपाठोपाठ पैशांची मागणी येते. कधी तिला नोंदणी शुल्क म्हणतात, कधी ‘आर्टिस्ट कार्ड’, कधी पोशाखाची किंवा हॉटेलची परत मिळणारी अनामत, तर कधी अमुकच छायाचित्रकाराकडून पोर्टफोलिओ, म्हणजे छायाचित्रांचा संच, काढून घेण्याचा आग्रह धरला जातो. नटाची गरज निर्मात्याला असते, त्यामुळे पैसा निर्मात्याकडून नटाकडे यायला हवा. कामे मिळवून देणारा कोऑर्डिनेटरही आपले कमिशन मानधनातून, काम झाल्यावर घेतो. सिन्टा या कलाकारांच्या संघटनेचे सभासदत्व हवे असल्यास ते संघटनेकडेच मागावे, कास्टिंग करणाऱ्याकडे नव्हे.

पैशांचा प्रश्न उद्भवला नाही, तरी चित्रपट खरोखर आहे का, हे तपासावे लागते. गंभीर दिग्दर्शकापाशी भूमिकेचा तपशील तयार असतो: तिशीतली शेतकरी स्त्री, वऱ्हाडी बोली, यवतमाळ परिसरात वीस दिवसांचे चित्रीकरण, आणि वाचायला दोन पानांचा प्रसंग. ‘तगडा रोल आहे, बाकी भेटीत सांगू’ एवढ्यावर ज्याची माहिती संपते, त्याच्याकडे बहुधा पटकथाच नसते. निर्मितीसंस्था कंपनी असेल तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्या स्थापनेची तारीख पाहता येते. मात्र एकट्या मालकाची संस्था तेथे सापडत नाही, आणि चित्रपटाच्या नावाची नोंदणीही पुष्कळदा उशिरा होते. म्हणून नोंद न सापडणे हे चौकशीचे कारण ठरते, फसवणुकीचा पुरावा नव्हे. दिग्दर्शकाचा आधीचा लघुपट पाहणे आणि त्यातील एखाद्या नटाला फोन करून पैसे वेळेवर मिळाले का, हे विचारणे अधिक उपयोगी पडते.

तुटपुंज्या खर्चामुळे ऑडिशन एखाद्याच्या घरी होऊ शकते. तेथे सोबत कोणाला आणू न देणे किंवा पहिल्याच फेरीत कपडे उतरवण्यास सांगणे मात्र खर्चाच्या सबबीत बसत नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा चित्रपटनिर्मितीलाही लागू होतो, आणि दहापेक्षा कमी कामगार असल्याने अंतर्गत समिती नसेल तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

हेतू प्रामाणिक असूनही नटाचे नुकसान होते ते ‘चित्रपट विकला गेला की मानधन देऊ’ या तोंडी वचनाने. चित्रपट विकला न गेल्यास काय, हे चित्रीकरणाआधी लेखी विचारावे. हा प्रश्न ज्याला खटकतो, त्याच्या चित्रपटात काम करू नये. आणि निवडीच्या आमिषाने ऑनलाइन पैसे दिल्यावर फसवणूक लक्षात आली, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधीच ती गोठवता येते.