कासवाचा श्वासरोग

वैशाखांत विहीर उपसतांना गाळांत कासव सांपडतें, मुलें तें टाक्यांत पाळतात, आणि पौषाच्या थंडींत तें मरून जातें. आमच्या घरीं बऱ्याच वर्षांपूर्वीं असेंच घडलें. दोन दिवस तें एका अंगावर कलून तरंगत होतें, नाकाशीं बुडबुडे येत होते. तें खेळत आहे असें आम्ही समजलों. वस्तुतः तें न्युमोनियानें मरत होतें. शेवटीं कोणी नाकांत कोमट तेल सोडलें, तें बहुधा फुप्फुसांतच उतरलें असावें.

कासवाचीं फुप्फुसें पाठीच्या कवचास लागून असतात. एका फुप्फुसांत कफ भरला कीं ती बाजू जड होऊन बुडते, म्हणून शरीर कलतें. त्यास आपल्यासारखें खोकून कफ टाकितां येत नाहीं. शिवाय त्याच्या अंगची ऊब बाहेरून मिळालेली असते. पाणी गारठलें कीं रोगाशीं झगडण्याची शक्तीही गारठते. नुसत्या भातपोळीवर ठेविल्यास 'अ' जीवनसत्त्वाची उणीव पडून डोळे सुजतात, नाकाघशाचें अस्तर बिघडतें व रोगास वाट मिळते. तोंड उघडून श्वास घेणें, मान ताणणें, अन्न सोडणें, हीं पुढचीं लक्षणें होत.

आपल्या विहिरीतळ्यांतील मऊ कातडीच्या पाठीचें कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. तें पाळणें गुन्हा होय. जन्म कचेरींत घालवूनही आम्हांस तेव्हां याची गंधवार्ता नव्हती, हें कबूल करितों. असें कासव आजारी दिसल्यास वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें. माणूस येईपर्यंत तें ओलसर फडक्यावर उबेच्या जागीं ठेवावें. खोल पाण्यांत सोडूं नये, तोंडांत कांहीं ओतूं नये.

शहरांतून विकत आणिलेलें लाल कानशिलाचें परदेशी कासव ज्यांच्या घरीं आहे, त्यांनीं हिवाळ्यांत पाणी २४ अंश सेंटिग्रेडच्या खालीं जाऊं देऊं नये. बसावयास कोरडा दगड व त्यावर ऊन किंवा दिव्याची ऊब असावी. ओल्या अंगावर वाऱ्याचा झोत नको. पाणी वरचेवर बदलावें. रोग दिसतांच पाणी २८ ते ३० अंशांवर आणून पशुवैद्यांस दाखवावें. जंतुनाशक औषध ते बहुधा पुढच्या पायांत टोचतात, कारण मागच्या अंगाचें रक्त आधीं मूत्रपिंडांकडे जाऊं शकतें. 'अ' जीवनसत्त्व आपल्या मतानें देऊं नये. तें अधिक झाल्यास कातडी सोलून निघते. उपचार कित्येक आठवडे चालतो. चार दिवसांत खाऊं लागलें म्हणून टोचणें थांबवूं नये. तालुक्याच्या पशुवैद्यांस कासवाचा अनुभव नसल्यास नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा सल्ला घेण्याची त्यांस विनंती करावी.

मात्र कंटाळा आला म्हणून हें परदेशी कासव इरईंत किंवा गांवतळ्यांत सोडूं नये. तें देशी कासवांचा घांस व उन्हाची जागा बळकावतें, आणि सोबत रोगही नेतें.