चिलटाचे घड्याळ कोण लावते?

पिकलेल्या केळ्यांभोवती जमणारी चिलटे आपण हाताने हाकलतो. शास्त्रज्ञ त्यांना ड्रोसोफिला, म्हणजे दवावर प्रेम करणारी, असे म्हणतात. नवे चिलट कोशातून साधारण पहाटेच्या सुमारास, हवेत ओलावा असताना बाहेर पडते. अंधारात ठेवले तरी वेळेचा हा ताल चालू राहतो, कारण घड्याळ त्याच्या शरीरातच असते.

१९७१ साली अमेरिकेत रोनाल्ड कोनोप्का व सीमोर बेंझर यांना तीन विचित्र वाण सापडले. एकाचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तर तिसऱ्याला वेळेचे भानच नव्हते. तिन्हींत बिघाड एकाच जनुकात होता. त्याचे नाव 'पिरियड'. पुढे या घड्याळाची यंत्रणा उलगडणारे जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही यंत्रणा अशी : संध्याकाळपासून पेशीत 'पिरियड' व 'टाइमलेस' ही प्रथिने साठू लागतात. रात्री ती पेशीकेंद्रात शिरून स्वतःचेच उत्पादन बंद पाडतात. पुढे ती नष्ट होतात आणि उत्पादन पुन्हा सुरू होते. हा फेरा सुमारे २४ तासांचा असतो.

'सुमारे' म्हटले, कारण रोज थोडा फरक राहतोच. तो प्रकाश दुरुस्त करतो. 'क्रिप्टोक्रोम' हे प्रथिन निळा प्रकाश शोषून टाइमलेसला चिकटते आणि पेशी टाइमलेसचा नाश करते. जोडीदार गेल्यावर पिरियडही टिकत नाही.

रात्रीच्या सुरुवातीस प्रकाश पडला, तर टाइमलेसचे उत्पादन जोरात असल्याने ते पुन्हा भरून निघते. त्यात वेळ जातो व घड्याळ मागे पडते. पहाटेपूर्वी पडला, तर उत्पादन मंदावलेले असते. भरपाई होत नाही व घड्याळ पुढे सरकते. भर दुपारी टाइमलेस जवळपास नसतेच, म्हणून परिणामही नगण्य.

माणसात ही खबर डोळ्यांमार्फत मेंदूस पोहोचते, पण नियम तसाच आहे. रात्रीचा प्रकाश झोपेची वेळ लांबवतो, सकाळचा ती अलीकडे आणतो. आपले कित्येक बंधू-भगिनी रुग्णालयात, रखवालीत, साफसफाईत रात्रपाळी करतात. दिवसा त्यांना गाढ झोप येत नाही, यात त्यांच्या स्वभावाचा दोष नसून या घड्याळाचा मोठा वाटा असतो. ते निजले की खिडकीला जाड पडदा लावावा आणि घरातल्यांनी आवाज कमी ठेवावा. कष्टकऱ्याची झोप राखणे हीही सेवाच होय.