माया राजेश्वरन दर आठवड्याला का खेळत नाही?

फेब्रुवारी २०२५ मध्ये हिंगोलीत बसून मोबाइलवर मुंबई ओपनचा स्कोअर रिफ्रेश केला असेल, तर माया राजेश्वरन रेवती हे नाव लक्षात असेलच. कोइम्बतूरची ही १५ वर्षांची मुलगी वाइल्ड कार्डवर पात्रता फेरीत उतरली आणि डब्ल्यूटीए १२५ स्पर्धेच्या थेट उपांत्य फेरीत पोहोचली. तिथे स्वित्झर्लंडच्या जिल टाइखमनने तिला ६-३, ६-१ असं हरवलं. विजेतेपदही टाइखमननेच नेलं.

एवढं खेळूनही ती दर आठवड्याला का दिसत नाही, हा चाहत्यांचा प्रश्न. उत्तर आहे वयाचा नियम. १५ व्या वर्षी वर्षाला मुळात १० व्यावसायिक स्पर्धा, १६ व्या वर्षी १२. चांगल्या कामगिरीवर थोड्या वाढीव मिळतात, इतकंच. जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये १३ व्या वर्षी व्यावसायिक झाली आणि १९९३ मध्ये खेळापासून दूर गेली. १९९५ पासून हा नियम आला.

खरी गोम पुढे आहे. रँकिंगचे गुण ५२ आठवड्यांनी गळतात. म्हणजे मुंबईत कमावलेले गुण वर्षभरात मोजक्याच स्पर्धांतून भरून काढायचे. तिचा पुढचा ड्रॉ आला की स्कोअर अ‍ॅपमध्ये पात्रता फेरीचा वेगळा टॅबही उघडा, ती बऱ्याचदा तिथूनच सुरुवात करते.